केळीचा डॉक्टर बांधावर येतो

मागच्या पावसाळ्यात एकाच आठवड्यात आमच्या शेतात दोन पेशंट झाले. पहिला पेशंट म्हणजे केळी. चोपडा तालुक्यात आमची थोडी बाग आहे, जी-नाइन जातीची केळी लावलेली, चार-पाच झाडांच्या पानांवर पिवळे पट्टे दिसायला लागले म्हणून मी मोबाइलवर फोटो काढून रोपं देणाऱ्यांना पाठवला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्यांचा माणूस मोटरसायकलवर बांधावर हजर. पान उलटंपालटं करून बघितलं, म्हणाला हरण्या आहे (म्हणजे तो सीएमव्ही व्हायरस), एवढी झाडं मुळासकट उपटून गाडा, माव्यासाठी फवारणी घ्या, शेजारी काकडीवर्गातलं काही ठेवू नका. चहा घेतला आणि गेला, एक रुपया मागितला नाही.

दुसरी पेशंट म्हणजे आमच्या सालदाराची बायको. संध्याकाळी झाडांची वाळकी पानं काढत होती, खालच्या ढिगात हात घातला आणि पान लागलं. आमच्याकडे साप चावला असं तोंडातून काढत नाहीत, पान लागलं म्हणतात, आणि केळीच्या बागेत तो शब्द ऐकताना कसंसंच होतं. गाडीत घालून दवाखान्यात नेलं. ड्युटीवरचा डॉक्टर पोरगेलासाच होता पण हुशार, त्यानं विचारलं कोणता साप, आता अंधारात कोण बघत बसतो, मग त्यानं सिस्टरकडे साधी काचेची टेस्टट्यूब मागितली. सापाच्या विषानं रक्त गोठायचं थांबलंय का हे बघायची ती खेड्यातली टेस्ट आहे: कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, 20 मिनिटं अजिबात हलवायचं नाही आणि मग नळी आडवी करून बघायची. प्लास्टिकची चालत नाही, साबणानं धुतलेलीही चालत नाही. आणि हल्ली दवाखान्यात सगळं प्लास्टिकचं! अर्ध्या तासानं कुठल्यातरी कपाटाच्या मागून एक नळी निघाली. 20 मिनिटांनी आडवी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. मग इंजेक्शनं. ती पावडरच्या रूपात येतात, पाणी घालून बाटली दोन्ही तळहातांत हळूहळू फिरवायची, जोरात हलवली की फेस येतो, अशा 10 बाटल्या, सिस्टर एक फिरवतेय, डॉक्टर एक फिरवतोय, मलाही एक फिरवायला दिली. सहा तासांनी परत तीच टेस्ट, परत 10 बाटल्या. बाई वाचली. दोन बोटं अजून वळत नाहीत. मी डॉक्टरला विचारलं, घोणस असली तर वेगळं औषध आणि नाग असला तर वेगळं असं नसतं का? तो म्हणाला, "सर, साप कोणताही असो, बाटली हीच." चार दिवसांनी आमचा सालदार केळीचे घड वाहताना सहज बोलून गेला, "नाना, केयना डॉक्टर घर येस, आमना डॉक्टरले नळी सापडत नही." त्याच्या मनात टोमणा नव्हता, तो नुसतं काय घडलं ते सांगत होता.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे हिवाळ्यात गावच्या व्याख्यानमालेत रंगलेला वाद. 2025 मध्ये अमेरिकेनं यूएसएड (परदेशांना मदत देणारी त्यांची सरकारी संस्था) गुंडाळलं, डब्ल्यूएचओतून बाहेर पडायचं जाहीर केलं, त्यावरून गरीब देशांच्या रोगांवरच्या संशोधनाचं आता काय होणार असा विषय होता. भाषण ठीक होतं, पण नंतर प्रश्नोत्तरांत दोन तट पडले. एक तट म्हणे, फार बरं झालं, या गोऱ्यांनी आपल्याला उंदीर-ससे समजून प्रयोग केले, आता झोळी फेकून द्या. दुसरा तट म्हणे, संपलं सगळं, आता टीबी-मलेरियावर कोण पैसा लावणार, गरिबानं मरायचं. दोन तास तावातावानं भांडले, एकमेकांना देशद्रोही आणि अंधभक्त म्हणून झालं, आणि दोघांच्याही डोक्यात गृहीत एकच, की आपल्या रोगांवरचं संशोधन म्हणजे कुणीतरी केलेलं दान. एकाला ते दान घ्यायची लाज वाटते आणि दुसऱ्याला ते बंद झालं म्हणून रडू येतं, एवढाच काय तो फरक.

माझं म्हणणं सरळ सांगतो. हे संशोधन देणगीवर चालवायची गोष्टच नाही, ते कपातीवर चालवायला पाहिजे. उसाच्या बिलातून जशी कपात होते तशी, ठरावीक, दरवर्षी, न विचारता. त्या कपातीत भारताचा हिस्सा आधी पडला पाहिजे, आणि तिच्यातून कोणत्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं हे जिथं रोग आहे तिथल्या लोकांना ठरवता आलं पाहिजे. ज्याच्या हाती ससा तो पारधी, आणि आजवर ससा आपल्या हातात कधी नव्हता.

आधी बाजारवाल्यांचं बोलू, कारण त्यांचा मुद्दा सगळ्यात दमदार आहे. ते म्हणतात औषध शोधणं हे सरकारी बाबूंचं काम नाही, कंपन्या पैसा लावतात, दहा रेणू मरतात तेव्हा एक निघतो, पेटंट नसेल तर कोण लावेल पैसा? हे खोटं नाही. सरकारी प्रयोगशाळेत फाइल कशी फिरते हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही, सरकारी काम आणि सहा महिने थांब. पण मग हिशोब बघा ना. 1975 ते 1999 या 25 वर्षांत जगात 1,393 नवी औषधं आली, त्यातली उष्ण देशांतल्या रोगांसाठी आणि टीबीसाठी धरून फक्त 16. पुढं 2000 ते 2011 मध्ये 336 नवे रेणू आले, त्यातले या दुर्लक्षित रोगांसाठी 4. बाजार नालायक आहे असं माझं म्हणणं नाही, बाजार त्याचं काम चोख करतोय, जिथं खिसा आहे तिथं तो बरोब्बर पोचतो. केळीचंच घ्या. मागच्या शतकात पनामा रोगानं ग्रो मिशेल नावाची अख्खी जात व्यापारातून उठवली, मग जग कॅव्हेंडिशवर आलं, आपली जी-नाइन त्यातलीच, आता त्याच रोगाचा नवा अवतार टीआर-4 आलाय, 2019 मध्ये तो कोलंबियात सापडल्याबरोबर जगभर पळापळ सुरू झाली. का? केळी आजारी पडली की निर्यातदाराचं, जहाजवाल्याचं, रोपवाल्याचं, सुपरमार्केटचं, सगळ्यांचं नुकसान होतं. केळी कापणारा आजारी पडला तर नुकसान फक्त त्याचं होतं, दुसऱ्या दिवशी दुसरा येतो.

साप चावण्याचंच घ्या. भारतात 2000 ते 2019 या 20 वर्षांत सुमारे 12 लाख माणसं सर्पदंशानं गेली असा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार, आणि त्यातली बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. एवढी माणसं विमान कोसळून मरत असती तर? आणि औषध कोणतं, तर 1890 च्या दशकात शोधलेल्या पद्धतीचंच, घोड्याला थोडंथोडं विष टोचायचं आणि त्याच्या रक्तातून प्रतिविष काढायचं. शुद्ध करायची रीत सुधारली, पण मूळ गोष्ट तीच. आफ्रिकेसाठी चांगलं चालणारं फाव-आफ्रिक नावाचं प्रतिविष सनोफी कंपनीनं 2014 मध्ये बनवणंच थांबवलं, परवडत नाही म्हणून. डब्ल्यूएचओनं सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या वरच्या यादीत घातलं ते 2017 मध्ये. त्यानंतर त्यावरच्या संशोधनाला मोठी रक्कम जाहीर झाली ती 2019 मध्ये, 8 कोटी पौंड, आणि ती दिली लंडनच्या वेलकम ट्रस्टनं. म्हणजे साप आपले, माणसं आपली, आणि पैसा लंडनचा. त्या ट्रस्टचे उपकारच आहेत, पण उद्या त्यांच्या विश्वस्तांना दुसरा विषय जास्त महत्त्वाचा वाटला तर? तो त्यांचा हक्कच आहे, देणगी म्हणजे हेच.

बाजारवाल्यांना आणखी एक गोष्ट कबूल करतो, खासगी कंपनीशिवाय हे होणार नाही. पण खासगी की सरकारी हा प्रश्नच चुकीचा आहे, प्रश्न असा आहे की काय बनवायचं आणि किती भावात विकायचं हे कोण ठरवतं आणि कधी ठरवतं. आफ्रिकेत सहाराच्या खालच्या पट्ट्यात मेंदूज्वराची साथ यायची, 1996-97 च्या साथीत अडीच लाख लोक आजारी पडले आणि 25 हजार मेले. तिथल्या देशांनी सांगितलं, लस द्या पण डोस अर्ध्या डॉलरच्या आत बसला पाहिजे, नाहीतर आम्हाला परवडणार नाही. मोठ्या कंपन्यांना त्यात रस नव्हता. मग 2001 मध्ये गेट्स फाउंडेशनच्या 7 कोटी डॉलरवर डब्ल्यूएचओ आणि पाथ या अमेरिकी संस्थेनं प्रकल्प सुरू केला, तंत्र अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळेतून आलं आणि लस बनवली कुणी, तर आपल्या पुण्याच्या सिरमनं. डिसेंबर 2010 मध्ये बुर्किना फासोत लस टोचायला सुरुवात झाली आणि ज्या ए प्रकारच्या जंतूची ती साथ होती तो त्या पट्ट्यातून जवळजवळ गायब झाला. इथं कंपनी खासगी आहे, नफाही आहे, पण भाव आधी ठरला आणि औषध मागून आलं. आपल्याकडे नेहमी उलटं होतं, औषध आधी येतं आणि भाव ऐकून माणूस खाली बसतो. सिकलसेल या रक्ताच्या अनुवांशिक आजारावरची ती जीन एडिटिंगची ट्रीटमेंट 2023 च्या शेवटी इंग्लंड-अमेरिकेत मंजूर झाली, कॅसजेव्ही, एका पेशंटला 22 लाख डॉलर, म्हणजे साधारण 18 कोटी रुपये. विज्ञान म्हणून थक्क करणारी गोष्ट आहे, मी टोपी काढतो. पण नंदुरबारकडच्या धडगाव-अक्कलकुव्यातल्या पोराला, ज्याला रात्री हाडं दुखतात म्हणून आई पाठीवर घेऊन डोंगर उतरते, त्याचा प्रश्न वेगळा आहे. त्याच्यासाठी हायड्रॉक्सीयुरिया आहे, अमेरिकेत 1998 पासून सिकलसेलला मंजूर, पण सहसा मिळणारी कॅप्सूल 500 मिलिग्रॅमची, मोठ्या माणसाच्या मापाची. 12 किलोच्या पोराला ती कशी द्यायची, कमी डोसवर भागतं का, आपल्याकडच्या सिकलसेलमध्ये गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं म्हणून आजाराची चाल जरा वेगळी असते तर औषधाचं मापही वेगळं हवं का? हे स्वस्त प्रश्न आहेत. त्यांची उत्तरं शोधून कुणी श्रीमंत होणार नाही, म्हणून ती मागं पडतात.

आता दुसरा आक्षेप, जो मला स्वतःला रात्री झोपताना छळतो. आमच्या गावातले एक निवृत्त मेडिकल ऑफिसर त्या दिवशी उठून म्हणाले, संशोधन-बिंशोधन राहू द्या हो, पीएचसीत डॉक्टर द्या, 108 वेळेवर येऊ द्या, निम्मे मेलेले वाचतील. बरोबर आहे त्यांचं. आमच्या बाईला नवं औषध नको होतं, काचेची नळी हवी होती. आहे ते औषध पोचत नसेल तर नवं शोधून कुणाच्या दारात ठेवणार?

पण पोचवायचं कसं हाही संशोधनाचाच विषय आहे ना! मद्रासची गोष्ट बघा. 1956 मध्ये आयसीएमआर, मद्रास सरकार, डब्ल्यूएचओ आणि ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिल यांनी मिळून तिथं टीबीचं केंद्र काढलं. तेव्हा टीबी म्हटलं की सॅनिटोरियम, मिरजेला जा, दूध-अंडी खा, महिनोन्‌महिने पडून राहा. देशात टीबीचे पेशंट अफाट आणि खाटा मूठभर. यांनी साधा प्रश्न घेतला, गरीब पेशंटला झोपडीत त्याच्याच घरी ठेवून गोळ्या दिल्या तर? निम्म्यांना सॅनिटोरियम, निम्म्यांना घर. 1959 मध्ये निकाल आला, घरचे जवळजवळ तेवढेच बरे झाले, कदान्न खाऊनसुद्धा, आणि घरातल्या इतरांना जास्त लागणही झाली नाही. पुढं जगभरातली सॅनिटोरियमं बंद पडत गेली त्यात या अभ्यासाचा वाटा मोठा आहे. आता सांगा, हे संशोधन होतं का सेवा होती? गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बाईला शिकवून नवजात बाळं वाचवून दाखवली, 1999 मध्ये ते लॅन्सेट या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात आलं, आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जाते ती त्याच वाटेनं. पीएचसी आधी की संशोधन आधी हा वाद म्हणजे विहीर आधी की पोहरा आधी असला प्रकार आहे.

इथं कुणीतरी लगेच बावस्करांचं नाव काढतं. त्या दिवशीही काढलं. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी महाडकडे विंचूदंशावर काम केलं, प्राझोसिन नावाची ब्लडप्रेशरची स्वस्त गोळी विंचवाच्या विषावर चालते हे दाखवलं, कोकणात पटापट मरणारी पोरं वाचायला लागली, लॅन्सेटमध्ये लेख, 2022 मध्ये पद्मश्री. मग म्हणायचं, बघा, त्यांना कुठं ग्रँट होती? जिद्द पाहिजे! अहो, त्यांच्यापुढं हात जोडूनच मी बोलतो, पण एक माणूस स्वतःचं आयुष्य जाळून करतो त्यावरून बाकीच्यांना पैसे लागत नाहीत असं कसं ठरतं? आणि किती बावस्कर सरकारी ड्युटी, पोस्टमॉर्टेम आणि व्हीआयपी बंदोबस्त करता करता संपले, त्याचा हिशोब कुणी ठेवलाय?

झोळी फेका म्हणणाऱ्यांचा राग मात्र मला कळतो. 2009-10 मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या बडोदा जिल्ह्यात आदिवासी, गरीब मुलींना एचपीव्हीची (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धची) लस दिली गेली, परदेशी संस्थेचा प्रकल्प, संमतीच्या कागदांवर कुठं वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या. काही मुलींचे मृत्यू झाले, चौकशीत ते लसीमुळं झाले नाहीत असं निघालं, पण ज्या रीतीनं ते राबवलं त्यावर 2013 मध्ये संसदेच्या समितीनं कडक ताशेरे मारले. नंदुरबारच्या पाड्यावर उद्या कुणी रक्ताचे नमुने घ्यायला आलं आणि लोकांनी दार लावून घेतलं तर मी त्यांना अडाणी म्हणणार नाही. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? संशोधनच नको? की ज्याचा पैसा त्याचा प्रश्न आणि त्याचीच घाई, म्हणून पैसा आपला पाहिजे? झोळी फेकली म्हणजे आपोआप स्वतःचं धान्य पिकत नाही. भारत देश म्हणून सगळं मिळून संशोधनावर जीडीपीच्या पाऊण टक्कासुद्धा खर्च करत नाही असं म्हणताना मी खासगी उद्योगांचाही खर्च त्यात धरतोय, तरी आकडा 0.64 च्या आसपास. आणि स्वाभिमानाच्या गप्पा आपण कोणत्या तोंडानं मारतो? 2023 मध्ये नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा झाला, 5 वर्षांत 50 हजार कोटी, ऐकायला छान, पण त्यातले बहुतांश पैसे उद्योग आणि इतर बिगरसरकारी दात्यांकडून येतील असं गृहीत धरलेलं. म्हणजे परत दानपेटीच, फक्त देशी.

कपातीची कल्पना माझ्या डोक्यातली नाही. डब्ल्यूएचओनं याच विषयावर, गरीब देशांच्या रोगांवरच्या संशोधनाला पैसा कुठून आणायचा आणि त्याचा मेळ कोण घालणार यावर, तज्ज्ञांचा गट नेमला होता, त्याचा अहवाल 2012 मध्ये आला. त्यांनी सांगितलं, सगळ्या देशांनी मिळून बंधनकारक करार करा आणि प्रत्येकानं जीडीपीच्या 0.01 टक्के या कामाला द्या. दहा हजारातला एक रुपया! भारताचा आजचा हिशोब धरला तर तीन हजार कोटींच्या वर. करार बंधनकारक करायची सोय डब्ल्यूएचओच्या घटनेत आहे, तंबाखूचा 2003 चा करार तसाच झालाय. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये देशांची बैठक झाली आणि श्रीमंत देशांनी ते पुढं ढकललं, नोंदी ठेवू, आढावा घेऊ, प्रात्यक्षिक प्रकल्प करू. ग्रामसभेत नको असलेला ठराव जसा पुढच्या सभेवर टाकतात तसा.

लोक म्हणतात, बघा, झालंच नाही ना, मग कशाला तेच परत उगाळता? असले करार कागदावरच राहतात. हा आक्षेपही हलका नाही, डब्ल्यूएचओला स्वतःची वर्गणी वसूल करताना नाकी नऊ येतात. पण कपात सुरू करायला सगळं जग लागत नाही. 2006 मध्ये फ्रान्सनं विमानाच्या तिकिटावर छोटी पट्टी लावली, ब्राझील, चिली, नॉर्वे, ब्रिटन बरोबर आले आणि युनिटएड उभं राहिलं, एचआयव्ही-टीबी-मलेरियासाठी. पॅरिसहून उडणाऱ्या माणसाला ते युरो कळतही नाहीत. आणि फ्रान्सपर्यंत तरी कशाला जायचं, माझी पगाराची स्लिप बघा. कॉलेजात शिकवतो, दर महिन्याला 200 रुपये व्यवसाय कर कापला जातो, फेब्रुवारीत 300. हा कर 1975 मध्ये आला तो 1972 च्या दुष्काळानंतर सुरू झालेल्या रोजगार हमीसाठी, शहरातल्या पगारदारानं खेड्यातल्या उपाशी माणसाच्या कामाला पैसे द्यायचे, दया आली तर द्या असं नाही, कायद्यानं. त्यात भ्रष्टाचार झाला नाही असं कोण म्हणेल, मस्टरवर मेलेली माणसं खडी फोडत होती. तरी ती योजना टिकली, आणि 2005 मध्ये देशानं तिच्यावरूनच कायदा केला. जिल्ह्याजिल्ह्यात त्या दुष्काळात किती दानशूरांनी अन्नछत्रं काढली होती, त्यातलं एक तरी आज चालू आहे का?

ऊसवाल्यांचं तर याहून पुढचं. 1975 मध्ये त्यांनी पुण्याजवळ मांजरीला स्वतःची संशोधन संस्था काढली, आज तिला वसंतदादांचं नाव आहे. सभासद कारखाने गाळलेल्या उसाच्या टनामागे ठरावीक रक्कम तिला देतात. साखर सम्राटांवर मी किती बोट ठेवू शकतो ते माझ्या कॉलेजातले लोक जाणतात, पण ही एक गोष्ट त्यांना बरोबर कळली, की आपल्या पिकाचा रोग आपणच शोधायचा असतो, केंद्र सरकार कधी देईल आणि अमेरिका कधी देईल याची वाट बघत उसाला तांबेरा लावून घ्यायचा नसतो. उसासाठी जे जमतं ते ऊस तोडणाऱ्यासाठी का जमू नये?

आता राहिला मेळ घालण्याचा भाग, याला समन्वय म्हटलं की लोकांना मिटिंग आणि समोसे आठवतात. पण कोविडमध्ये काय झालं ते आठवा. जगभर शेकडो छोट्या छोट्या ट्रायल, प्रत्येक हॉस्पिटलची स्वतःची, कुणाच्या 40 पेशंटवर हायड्रॉक्सीक्लोरोक्विन तर कुणाच्या 60 वर अजून काही, आणि त्यातून धड उत्तर एकाचंही नाही. इंग्लंडनं 170 च्या वर हॉस्पिटलं एका प्रश्नाला जुंपली, रिकव्हरी नावाची ट्रायल, मार्च 2020 मध्ये सुरू आणि जूनमध्ये उत्तर हातात: डेक्सामेथासोन, आपल्या मेडिकलवर काही रुपयांत मिळणारं स्टेरॉइड, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटांचे मृत्यू एक तृतीयांशानं कमी करतं. गाव करी ते राव न करी म्हणतात ते हेच. आता सर्पदंश घ्या. आपल्या त्या बाटलीत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं अशा चौघांच्या विषावरचं प्रतिविष असतं, आणि ते विष मुख्यतः येतं तमिळनाडूतल्या साप पकडणाऱ्या इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून. 1978 ची संस्था, फार मोलाचं काम आहे त्यांचं. पण बंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांच्या गटानं आणि इतरांनी दाखवलंय की एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं. मग तमिळनाडूतल्या घोणशीवर बेतलेलं औषध सातपुड्याच्या पायथ्याच्या घोणशीवर किती चालतं? आमच्या बाईला 20 बाटल्या लागल्या, नेमक्या औषधानं 8 लागल्या असत्या का? हे कळायला चोपडा, शहादा, शिरपूर, यावल, सगळीकडच्या दवाखान्यांत एकच वही, एकाच पद्धतीनं भरलेली पाहिजे. खर्च किती? एका जीन थेरपीच्या पेशंटएवढ्या पैशात खान्देशच्या सगळ्या ग्रामीण रुग्णालयांचं दोन-तीन वर्षं तरी भागेल, असा माझा मास्तरी अंदाज. 2024 मध्ये सरकारनं सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढलाय, 2030 पर्यंत मृत्यू निम्मे करायचे. पैशाची कपात ठरली नसेल तर तो आराखडाही व्याख्यानमालेतल्या भाषणासारखाच.

आणि जो पैसा लावेल त्यानं अटही घालायची, हे तर मी विसरलोच. बेडाक्विलिन 2012 मध्ये आलं, 40-एक वर्षांत टीबीवर आलेलं पहिलं नव्या जातीचं औषध, त्याच्या चाचण्यांत जगभरच्या सार्वजनिक पैशाचा मोठा वाटा, पण पेटंट कंपनीचं, ते लांबवायचा अर्जही कंपनीचा. आयत्या बिळावर नागोबा. तो अर्ज मार्च 2023 मध्ये आपल्या पेटंट ऑफिसनं फेटाळला, कारण मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले या दोघींनी हरकत घेतली होती. दोघीही टीबीतून उठलेल्या, दोघींचीही ऐकू येण्याची शक्ती जुन्या औषधांनी गेलेली. पैसा देतानाच दोन ओळी लिहून घेतल्या असत्या, की सार्वजनिक पैशानं निघालेलं औषध सगळ्यांना बनवता येईल, तर त्या पोरींना वर्षानुवर्षं कागद घेऊन भांडायची वेळ आली नसती.

हे सगळं मी त्या दिवशी प्रश्नोत्तरांत बोलायला उठलो तर अध्यक्ष म्हणाले सर, वेळ संपला, आभारप्रदर्शन बाकी आहे. म्हणून इथं लिहिलं.

जाता जाता, त्या काचेच्या नळ्या. आमच्या तालुक्याला मिळाल्या नाहीत, जळगावला लॅबचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळाल्या, डझन घेतल्या, एक एसटीत फुटली. अकरा नेऊन त्या दवाखान्यात दिल्या. सिस्टर खूश झाल्या, म्हणाल्या धुवायच्या नाहीत हे लक्षात ठेवते, आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली एक वही काढून त्यात माझं नाव लिहिलं. वरती रकाना होता: देणगीदार.